न लावलेला कौल

हे लिहिताना मी एक पथ्य पाळणार आहे. कुणाचंही नाव लिहायचं नाही. नावाच्या बाबतीत माझा हात एकदा असा घसरलाय की आता शहात्तराव्या वर्षी त्याच्यावर भरवसा टाकण्यात अर्थ नाही.

माझ्या बायकोला दोन नावं आहेत. एक तिच्या आजोबांनी बारशाला ठेवलेलं, ते फुलाचं. दुसरं मी लग्नात दिलेलं, ते नदीचं. इथून पुढे मी 'फुलाचं' आणि 'नदीचं' एवढंच म्हणेन. वाचणाऱ्याने आपल्या दारातलं फूल आणि आपल्या माहितीतली नदी घालून घ्यावी.

आमची मुलगी अमेरिकेत असते. तिला जुळी झाली तेव्हा आम्ही दोघं तिकडे गेलो, आणि तिने आम्हाला तिथे कायम राहायचा परवाना काढून दिला. मी दोन हिवाळे काढले. दारात बर्फ, घरात हिटर आणि फ्रीजमध्ये कुठल्या तरी समुद्रातली, चेहरा नसलेली मच्छी. तिसऱ्या हिवाळ्याच्या आत कलमांना खत घालायचं निमित्त काढून मी रत्नागिरीला परत आलो आणि तो परवाना सोडून दिला. बायको राहिली. नातवंडांना ती हवी होती, आणि खरं सांगायचं तर तिला तिथे आवडलं. ती एकटी बसने वाचनालयात जाते, शेजारच्या म्हातारीला घावणे शिकवते. आंब्याच्या दिवसांत दोन महिने इकडे येते. बाकीचे दहा महिने आमचा संसार मोबाइलवर चालतो. तिची सकाळ ती माझी संध्याकाळ. ती चहा घेते, मी कुकर लावतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अशाच एका कुकरच्या वेळी मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचा नागरिकत्वाचा अर्ज भरतेय. एका ठिकाणी अडलंय."

"जन्माचा दाखला हवा असेल. कपाटात आहे."

"तो नको. ते विचारतात, नागरिक होताना नाव बदलायचं आहे का. बदलायचं असेल तर त्यातच बदलून देतात. शपथ घ्यायची ती नव्या नावाने."

"मग 'नाही' लिही आणि पुढे जा."

"मी तेच लिहीत होते. आईने हात धरला."

मग बायको पडद्यावर आली. ती फोन असा धरते की तिचं कपाळ आणि वरचा दिवा तेवढा दिसतो. त्या कपाळाला मी इतक्या वर्षांत चांगला ओळखतो. त्यावर आठी होती.

"अहो," ती म्हणाली, "मला माझं नाव हवंय."

"तुझंच आहे की."

"ते नव्हे. माझं."

मी हातातला डाव ओट्यावर ठेवला.

"इथला कागद म्हणजे आता शेवटचा," ती म्हणाली. "तिकडचा पासपोर्ट द्यायचाच आहे. त्याचं मला फार काही नाही. पण शपथेला उभी राहीन तेव्हा आजोबा हाक मारायचे त्या नावाने उभं राहावं असं वाटतं. आता देवीने कौल देऊन ठेवलेलं नाव मी आपल्या मनाने कसं टाकू? तेव्हा तुम्ही एक करा. गावी जा. गुरवांना सांगून कौल लावा. देवीने हो म्हटलं तर बदलते. नाही म्हणाली तर नदीच्या नावाने शपथ घेते. अर्ज सोमवारी पाठवायचाय."

कुकरची शिट्टी झाली. मला ती नेहमीपेक्षा लांबलेली वाटली.

कौल म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गावदेवीला विचारल्याशिवाय मोठं काम होत नाही. गुरव फुलाच्या पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणायची, कोर्टात जायचं की नाही, मुलगी तिथे द्यायची का, सगळं असं विचारतात. मुंबईचे लोक फ्लॅटसाठीसुद्धा विचारून जातात.

माझ्या बायकोचं नदीचं नाव देवीच्या कौलाने ठेवलं, हे आमच्या सगळ्या भावकीला ठाऊक आहे. ते खरं नाही, हे फक्त मला ठाऊक होतं. म्हणजे मला आणि एका तांडेलाला.

मी बंदर खात्यात कारकून होतो. माझ्या टेबलावरून होड्या, मचवे आणि लाँची जायच्या, म्हणजे त्यांचे कागद. होडीचं नाव बदलायचं झालं तर त्या काळी मालकाचा अर्ज लागायचा, दोन साक्षीदार लागायचे आणि आमच्या साहेबांची सही. तीसुद्धा साहेब जेवून आले की. नवरीचं नाव बदलायला ताम्हणभर तांदूळ आणि एक अंगठी पुरायची. होडीलाही कुणी विचारत नसे, एवढंच काय ते साम्य.

माझी सासुरवाडी खाडीच्या पलीकडे, हेदवीच्या अलीकडची. आमचं गाव खाडीच्या या काठाला. तेव्हा पूल नव्हता. गाडीरस्त्याने जायचं तर चिपळूणवरून अर्धा जिल्हा फिरून यावं लागे, म्हणून वऱ्हाड लाँचने गेलं आणि नवरी घेऊन लाँचनेच परत निघालं. मधेच ओहोटी लागली आणि लाँच खाडीत रेतीवर बसली. भरती येईपर्यंत हलायची नाही. तांडेलाने, म्हणजे लाँच चालवणाऱ्याने, इंजिन बंद केलं, बिडी पेटवली आणि सांगितलं, "आता पानी येईल तवा."

दोन-अडीच तास आम्ही तसेच बसलो. नवरी माझ्या शेजारी खाली मान घालून. भोवती मामा, काका, आत्या, सगळ्यांचे डोळे आमच्यावर. नवरीकडे बघायची काही सोय नव्हती. समोर लाकडी फळीवर लाँचचं नाव रंगवलेलं होतं. तेच नदीचं. मी ते वाचत बसलो. त्या लाँचचे कागद सारखे मुदतीबाहेर जायचे, त्यामुळे ऑफिसातही ते नाव माझ्या हाताखालून इतक्या वेळा गेलं होतं की झोपेतही लिहिलं असतं.

आणि जवळजवळ तसंच झालं. घरी पोचलो, माप ओलांडून झालं, भटजींनी ताम्हणात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली आणि म्हणाले, "हं, लिहा सुनेचं नाव." दोन रात्री झोप नव्हती. पोटात सकाळचे पोहे होते, तेही सासरचे, लाजत खाल्लेले. आईने सुनेसाठी एक नाव ठरवून ठेवलं होतं, माझ्या लहानपणी वारलेल्या आत्याचं. महिनाभर ती ते मला ऐकवत होती. त्या क्षणी ते नाव डोक्यातून गेलं आणि हाताने आपल्या सवयीने लिहून टाकलं. भटजींनी मोठ्याने वाचलं. कुणी तरी साखर वाटायला सुरुवात केली. आई स्वयंपाकघरातून येईपर्यंत निम्म्या मांडवाच्या तोंडात साखर होती.

"हे कुठलं नाव?" आई म्हणाली.

तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते बघून मी घाबरलो. आत्या तिची मैत्रीण होती.

"देवीचा कौल झाला," मी म्हणालो. "लग्नाआधी जाऊन आलो होतो."

हे वाक्य कुठून आलं ते मला अजून कळलेलं नाही. पण त्याचा गुण तात्काळ आला. आईने देवळाच्या दिशेने हात जोडले. वाद संपला. आमच्या गावात देवीवर अपील नाही.

मांडवाच्या टोकाला तो तांडेल उभा होता. पलीकडच्या मुसलमान वाडीतला, लाँच खास आमच्यासाठी दिली म्हणून जेवायला बोलावलेला. नाव ऐकून त्याने माझ्याकडे बघितलं. मी तांदळाकडे बघितलं. पंधरा दिवसांनी तो ऑफिसात आला, माझ्या टेबलावर कोपर टेकून हळूच म्हणाला, "साहेब, नाव बदलल्याचा अर्ज मी करायचा, का तुमी?"

मी म्हणालो, "चहा घेणार?"

त्याने चहा घेतला आणि पुढे मरेपर्यंत कुणापाशी ब्र काढला नाही. फक्त माझ्या बायकोकडून त्याने कधी भाडं घेतलं नाही. ती माहेरी निघाली की म्हणायचा, "भाभी, तुमच्याकडनं नाय. रिवाज हाय." तिला वाटायचं, केवढा देवमाणूस. दर वर्षी ती त्याच्या घरी एक फणस पाठवायची. फणस पोचवायला मी जायचो. मला तो ओझ्यापेक्षा जड लागायचा.

लग्नाला महिना झाला असेल. पडवीत मी पेपर वाचत होतो आणि ती तांदूळ निवडत होती. खाली मान घालूनच तिने विचारलं, "माझं आधीचं नाव वाईट होतं का?"

"नाही. तसं काही नाही."

"आजोबांनी माझ्या बारशाला दारात त्या फुलाचं झाड लावलं. अजून आहे. आता मी गेले की त्याला काय सांगू?"

मी पेपर खाली ठेवला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी म्हणालो, "देवीचा कौल आहे. आपल्या हातात काय आहे?"

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "देवीने ठेवलं असेल तर चांगलंच असेल." आणि पुढच्या वर्षी लग्नाच्या तिथीला ती देवीची ओटी भरायला गेली. नाव ठेवल्याबद्दल. मग दर वर्षी. अमेरिकेत गेल्यापासून तिच्या वतीने मी भरतो.

गंमत अशी की ज्याने नाव दिलं त्याने त्या नावाने तिला कधी हाक मारली नाही. आमच्या पिढीत तशी रीतच नव्हती. मी तिला 'अगं' म्हणतो, ती मला 'अहो' म्हणते. एका अक्षरावर दोन माणसांनी आयुष्य काढलं. म्हणजे फुलाचं नाव मी तिच्याकडून काढून घेतलं आणि दुसरं दिलं ते स्वतः वापरलंही नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी माझा अपराध घरातल्या घरात राहिला असता. पण माझ्या आईला ही गोष्ट फार आवडली. ती सांगत सुटली, "आमच्याकडे सुनेचं नाव देवी ठेवते." धाकट्या भावाच्या लग्नाआधी ती स्वतः जाऊन कौल घेऊन आली. मग चुलत भाऊ, मग पुतणे. ज्या घराण्यात बायकांची नावं आधी कुणाही घरासारखी ठेवली जात, तिथे आता पूर्वापार चालत आलेली वहिवाट तयार झाली. मध्यंतरी एका पुतण्याचं लग्न झालं. सून पुण्याची, कॉम्प्युटरवाली. तिने सगळ्यांसमोर सरळ विचारलं, "पण बदलायचं कशाला?" तर दहा तोंडांनी माझ्या बायकोकडे बोट दाखवलं. "या बघ. यांचं देवीने ठेवलं. यांनी कधी तक्रार केली का?"

बायकोने मनगटावरच्या बांगड्या सरळ केल्या. मी शिरा खात होतो. मी आणखी एक वाटी मागून घेतली.

तर आता हिने मला त्याच देवीकडे परवानगी आणायला पाठवलं होतं.

शनिवारी सकाळच्या एसटीने मी गावी गेलो. वाटेत ठरवलं होतं की देऊळ लांबूनच बघायचं, गुरवाकडे चहा प्यायचा आणि संध्याकाळी सांगायचं, उजवा कौल झाला. तिचं काम होईल, माझी अब्रू राहील. पहिल्या खोट्यावर दुसरं खोटं ठेवलं की दोन्ही एकमेकांना धरून उभी राहतात, असं मी घरं बांधणाऱ्यांकडे बघून शिकलो आहे. पण गुरव देवळाच्या पायरीवरच बसला होता. तो आणि मी गावच्या शाळेत एका पाटावर होतो.

"काय रे साहेबा, कलमं इकलीस का बायकोने धाडलं?"

"बायकोने."

"मंग आंगोळ करून आलायस नव्हं? चल."

आमच्या देवळाला आता मुंबईच्या मंडळाने फरशी घातली आहे आणि चार पंखे लावले आहेत. कौल लावताना पंखे बंद करतात, नाहीतर देवीऐवजी वीज मंडळ उत्तर देतं. गुरवाने पंखे बंद केले, पाकळ्या भिजवून लावल्या आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला मागच्या मंडळींनी होकार भरायचा असतो. मागच्या मंडळींत मी एकटा.

"हे आई म्हाराजा, बारा वाड्यांच्या आई..."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो तुझा लेक रत्नागिरीसनं येष्टीनं आलाय..."

"व्हय म्हाराजा."

"ह्याची बायको तकडं अमेरिकेत हाय, तकडच्या राज्याची रयत व्हायला निगालीय. तकडं तुझं देऊळ न्हाय, पन तुझी नजर असंल, तर तिला सांबाळ..."

"व्हय म्हाराजा." हे मी मनापासून म्हणालो.

"तिच्या लग्नात तू उजवा कौल दिलास, त्या कौलावरनं तिचं नाव ठेवलं..."

बाहेर कुणी तरी सुकं खोबरं कुटत होतं, ते ऐकू येऊ लागलं.

"व्हय म्हन की," गुरव मागे न बघता म्हणाला.

"म्हटलं मनात."

"मनात चालत न्हाय."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. आवाज फाटका आला. गुरवाने पुढचं म्हटलं, प्रश्न विचारला, हात जोडले. आम्ही वाट बघत राहिलो. पाकळी हलेना. उजवी नाही, डावी नाही. गुरव मांडी घालून बसला. मीही बसलो. उकाड्याने दोघांच्या पाठीवरून घाम वाहत होता आणि पंखा लावता येत नव्हता.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मागचं काय तरी रायलंय तुझं. त्याबगर आई अशी अडून बसत न्हाय. नवस होता?"

"नाही."

"कुनाचं काय घेतलंस?"

मी देवीकडे बघितलं. दर वर्षी जिच्यासमोर मी ओटीचं ताट घेऊन उभा राहिलो ती ही. आणि जिला आपण कुठलं नाव ठेवलं याचा पत्ताच नव्हता ती पण हीच.

"लग्नातला कौल लावलाच नव्हता," मी म्हणालो.

"कुनी न्हवता लावला?"

"कुणीच नाही. मी देवळात आलोच नव्हतो."

गुरव माझ्याकडे बघत राहिला. "आरं, आमचा बापूस मरंस्तवर सांगायचा. म्हनं, सायबाच्या बायकोच्या कौलाला पाकळी लावली न् लावली तोच पडली, आसा कौल जन्मात बगितला न्हाय. मंग ते काय होतं?"

तेव्हा मला आठवलं. लग्नानंतर माझी आई खण-नारळ घेऊन त्याच्या वडिलांचे आभार मानायला गेली होती. समोर खण-नारळ आलेला बघून त्या भल्या माणसाने 'कसला कौल?' असं विचारलं नसणार.

"मंग नाव आलं कुठनं?"

"लाँचवरून."

"रेतीवर बसायची ती?"

"तीच."

गुरवाने तोंडावर उपरणं धरलं. आधी वाटलं रागावला. त्याचे खांदे हलत होते. मग मलाही हसू आवरेना. दोन म्हातारे गाभाऱ्याच्या दारात बसून हसतायत आणि देवी दोन्ही पाकळ्या अंगावर घेऊन तशीच बघतेय, असं ते चाललं. हसू संपल्यावर मात्र मला एकदम रिकामं वाटलं. गुरवाने डोळे पुसले आणि खरोखरच विचारलं, "मंग आता आईला इचारायचं काय?"

काही नव्हतं. तिने दिलंच नव्हतं ते बदलायची परवानगी तिच्याकडे कशी मागायची?

आमच्या गावात मोबाइलला रेंज देवळाच्या गडग्यावर, म्हणजे जांभ्याच्या कुंपणभिंतीवर येते, तीही वडाच्या बाजूला बसलं तर. संध्याकाळ होईपर्यंत मी गुरवाकडे थांबलो आणि तिथे जाऊन बसलो. तिने पहिल्या रिंगलाच उचलला.

"झाला कौल?"

"नाही झाला."

"डावा पडला?"

"डावाही नाही. ऐक. आपल्या लग्नातला कौलही झाला नव्हता."

तिच्या कपात चमचा फिरत होता तो थांबला. मी सगळं सांगितलं. रेती, फळी, पोहे, तांदूळ, आई. सांगून संपल्यावर ती म्हणाली, "म्हणून ते तांडेल माझ्याकडून भाडं घेत नव्हते."

"हो."

"आणि मी देवमाणूस म्हणून फणस पाठवत होते."

"देवमाणूसच होते ते."

"त्यांचं नका सांगू. तुमचं बोला." कपाळ पडद्यावरून बाजूला झालं, नुसता दिवा दिसू लागला. "मी पडवीत विचारलं होतं तुम्हाला. आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हा का नाही सांगितलं?"

"घाबरलो."

"कुणाला?"

"आधी आईला. मग तुला. मग देवीला."

"आणि आता कुणालाच नाही?"

"आताही आहे. पण सोमवार आला."

मला वाटलं रेंज गेली, म्हणून मी वडाकडे आणखी सरकलो. मग तिचा आवाज आला, जरा बारीक. "दर वर्षी ओटी भरताना मी तिला म्हणायचे, तू नाव ठेवलंस, आता तूच मला निभावून ने."

"नेलं की तिने."

"तिने नेलं. तुम्ही नाव ठेवलंत आणि निभावलं तिने." मग ती थांबली. "बरी होती का हो ती लाँच? मी तर मान वर करून बघितलीच नाही."

"गळायची थोडी. पण माणूस कधी बुडाला नाही तिच्यात."

तेव्हा ती हसली. पूर्ण नाही, पण हसली. मागून मुलीचा आवाज आला, "आई, मग काय लिहू?"

"पहिलं नाव फुलाचं लिही."

"आणि मधलं?"

"मधे नदीचं लिही."

"मधे बाबांचं असतं ना?"

"असायचं."

मग फोन परत कपाळाशी आला. "नदीचं नाव मी टाकत नाही. लाँच केव्हाच मोडीत गेली, पण नाव मी चालवलं. रेशनकार्डावर, शाळेच्या मीटिंगला, सासूबाईंच्या दुखण्यात दवाखान्याच्या दारात, सगळीकडे मीच ओ दिली त्याला. ते आता माझं झालंय. पण इकडे जागा तीनच असतात. लाँच भरली. तुम्ही उतरा."

"उतरलो," मी म्हणालो.

"आणि आता हाक मारा."

"कुणाला?"

"मला. नावाने. पहिल्या."

माझं वय शहात्तर. संध्याकाळची वेळ, रस्त्याने माणसं जात होती. देवळाच्या पायरीवर गुरव कान टवकारून बसला होता. मी घसा साफ केला आणि फुलाचं नाव घेतलं, फोनला तोंड लावून.

"ऐकू नाही आलं."

"मार की रे मोठ्यानं," गुरव पायरीवरून म्हणाला.

मी मोठ्याने हाक मारली. इतकी मोठ्याने की गुरवाच्या घरातून त्याची सून पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काय वो? मना हाक मारलीत?" फूल तसं आमच्याकडे दारोदार असतं. तिचंही तेच नाव, आणि ते लग्नात कुणी बदललेलं नव्हतं.

फोनमधून बायकोने ओ दिली, पण ती हसण्यात बुडून गेली. हे हसणं पूर्ण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवाचा फोन आला. "पाकळ्या पडल्या," तो म्हणाला.

"आधी कुठली?"

"ते इचारू नकोस. मांजर आलं होतं."

बायकोने हिवाळ्यात न्यायाधीशांसमोर शपथ घेतली. मुलीने ते मला फोनवर दाखवलं. एक बाई एकेक नाव पुकारत होत्या. तिचं पुकारलं तेव्हा त्या बाईंना फूलही धड म्हणता आलं नाही आणि नदीही. तरी ही पटकन उभी राहिली. मधल्या जागेत मी नव्हतो.

हे सगळं लिहून काढायची अट तिचीच. तेव्हा आमच्या भावकीतल्या सगळ्या सुनांना, विशेषतः त्या पुण्याच्या सुनेला, मी हे कळवतो की आपल्या घराण्यात सुनेचं नाव देवी ठेवते ही वहिवाट देवीने सुरू केलेली नाही. ती मी सुरू केली, झोप आणि भूक अनावर झाल्यामुळे. तुमचे कौल खरे लावले गेले असतील, पण ते लावायचं कारण खोटं होतं. ज्यांना आपलं नाव परत हवंय त्यांनी ते घ्यावं. अमेरिकेला जायची गरज नाही. माझ्या आत्याचं नाव मात्र राहून गेलं, आणि खरं काय ते जिला सांगायला हवं होतं ती माझी आई आता नाही. त्यावर मला काही करता येत नाही.

एक काम उरलं होतं. आमचं रत्नागिरीचं घर दोघांच्या नावावर आहे. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र त्यासाठी करावं लागलं. अर्ज माझा, साक्षीदार दोन. एक गुरव, तो एसटीने आला आणि जेवून गेला. दुसरा कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही. तांडेलाच्या मुलाचं मिरकरवाड्याजवळ इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. मी जाऊन सांगितलं, एक सही हवी आहे, नाव बदलल्याच्या अर्जावर.

त्याने चिंधीला हात पुसले आणि पेन शोधू लागला. कशाचा अर्ज, कुणाचं नाव, काही विचारलं नाही.

"अब्बा सांगून गेले होते," तो म्हणाला. "साहेबांचा एक अर्ज बाकी हाय, कधीतरी घेऊन येतील."